वीस हाका

बाइंडरला नावाने हाक मारणारं माणूस आता कोणी उरलं नव्हतं. त्याने तशी कधी मोजदाद केली नव्हती, म्हणून त्याला ते ठाऊकही नव्हतं. वह्या-पुस्तकं बांधायच्या कारखान्यात सगळे त्याला मास्तर म्हणत. राहत होता त्या इमारतीत तो 'तीन नंबरवाले' होता, कारण त्याच्या दारावर तीनचा आकडा होता आणि शेजाऱ्यांना तेवढ्यावर भागत असे. मोठा भाऊ होता तोवर वर्षाकाठी दोन-चार फोन तरी व्हायचे, पण तोही गेल्याला पाच वर्षं झाली होती. वहिनी अधूनमधून खुशाली विचारायची ती 'भाऊजी' म्हणून.

वय अठ्ठावन्न. चाळीस वर्षं त्याने एकच काम केलं होतं. सुटे कागद घ्यायचे, ठोकून सारखे करायचे, टोच्याने भोकं पाडून दोऱ्याने शिवायचे, पाठीला लई, म्हणजे चिकटवायची खळ, लावायची, पुठ्ठा चढवायचा आणि दाबाखाली ठेवून द्यायचे. हाताला काम असलं की तोंडाला लागत नाही, असं तो स्वतःशी म्हणायचा. मालकही खूश असायचा, कारण मास्तर कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात.

दर बुधवारी दुपारी तो मोठ्या रुग्णालयात जायचा. तिथल्या जुन्या नोंदवह्या कारखान्यात बांधायला यायच्या आणि बांधून झालेल्या वह्या पोचवून पावतीवर सही घ्यायचं काम मालकाने त्याच्यावर सोपवलं होतं. सही मिळाली की त्याला सुट्टी. अर्ध्या दिवसाच्या त्या सुट्टीचं काय करायचं हे मात्र त्याला कधी नीट उमगलं नव्हतं. रविवार निदान कपडे धुण्यात जायचा. बुधवारची दुपार अंगावर यायची.

अशाच एका बुधवारी कागदपत्रांच्या खोलीबाहेर त्याने भिंतीवर एक सूचना वाचली. मेंदूला मार लागलेल्या रुग्णांचा अभ्यास चालू आहे, तुलनेसाठी निरोगी माणसं हवी आहेत. वय चाळीस ते पासष्ट, डोक्याला कधी दुखापत झालेली नसावी. डोक्याला टोपी घालून मेंदूची नोंद केली जाते. सुई टोचत नाहीत, औषध देत नाहीत. दोन तास लागतात. आणि शेवटची ओळ होती : पूर्ण वेळ एक तंत्रज्ञ आपल्यासोबत असेल.

ही शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली. मग खालच्या मजल्यावर जाऊन नाव देऊन आला.

तंत्रज्ञ म्हणजे तिशीतली एक मुलगी होती. बाइंडरने मनातल्या मनात तिचं नाव टोपीवाली ठेवलं. टोपी पोहण्याच्या टोपीसारखी होती, फक्त तिला जागोजागी भोकं आणि भोकाभोकातून निघालेल्या वायरी. टोपीवालीने आधी पट्टीने त्याच्या डोक्याचं माप घेतलं, कपाळापासून मानेपर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. मध्यावर पेन्सिलीने खूण केली. माप घेताना ती मिलिमीटरसुद्धा सोडत नाही हे बघून बाइंडरला बरं वाटलं. कामाचं माणूस त्याला लगेच ओळखू यायचं. मग टोपी चढवून तिने एकेका भोकात बोथट नळीने गार जेल भरलं आणि केस बाजूला सारत, हलक्या हाताने कातडी घासत ती चौसष्ट ठिकाणी फिरली. त्याला पाऊण तास लागला.

त्या पाऊण तासात बाइंडर डोळे मिटून बसला होता. न्हावी सोडला तर आपल्या डोक्याला कोणाचा हात लागून किती वर्षं झाली, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो पुढे जाऊ दिला नाही.

त्या दिवशी फारसं काही झालं नाही. समोरच्या पडद्यावरच्या फुलीकडे बघत बसायचं, कानात टिकटिक ऐकायची, हलायचं नाही. संपल्यावर टोपीवालीने त्याला गंमत दाखवली. पडद्यावर चौसष्ट रेघा खालीवर होत चालल्या होत्या. ती म्हणाली, पापणी हलवा. त्याने हलवली तर वरच्या रेघांनी मोठी उडी मारली. दात आवळा म्हणाली, तर सगळ्या रेघा जाड झाल्या, कोणी शाई सांडल्यासारख्या. मग डोळे मिटायला सांगून तिने थोड्या वेळाने त्याला छापलेला कागद दाखवला. डोळे मिटल्याबरोबर डोक्यामागच्या भागातल्या रेघा एका लयीत आल्या होत्या, धावदोऱ्याच्या टाक्यांसारख्या सारख्या अंतराने. बाइंडरने तो कागद बराच वेळ हातात धरला. हे आपल्या डोक्यातलं आहे याचं त्याला नवल वाटत होतं. आपल्या डोक्यात काही चालू असेल असं त्याला फारसं वाटलं नव्हतं.

निघताना हा अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई भेटल्या. पन्नाशीच्या, भराभर बोलणाऱ्या, पण समोरच्याला कळलंय की नाही हे बघून मगच पुढे जाणाऱ्या. त्यांनी सांगितलं, वरच्या मजल्यावर काही रुग्ण आहेत, त्यांचे डोळे उघडे असतात पण हाक मारली तर ओ देत नाहीत, हात दाब म्हटलं तर दाबत नाहीत. आत कोणी ऐकतंय की नाही हे बाहेरून कळत नाही. ओळखीचा आवाज ऐकला की निरोगी मेंदूत एक ठरावीक उंचवटा उमटतो. तो उंचवटा नेमका कसा असतो, किती वेळाने येतो, हे शंभर निरोगी माणसांत बघितलं की मग त्या रुग्णांत शोधता येईल.

"पुढच्या वेळी एक गोष्ट आणायची," त्या म्हणाल्या. "तुमच्या जवळच्या माणसाने तुम्हाला मारलेली हाक. वीस वेळा, मोबाइलवर रेकॉर्ड करून. नाव असेल नाहीतर घरी जे म्हणत असतील ते. कानाला सवयीची हवी, एवढंच."

बाइंडर बरं म्हणाला. पायऱ्या उतरताना त्याला पहिल्यांदा मोजदाद करावी लागली.

दुसऱ्या दिवशी त्याने मालकाला गाठलं. मालकाला मजा वाटली. त्याने घसा खाकरून मोबाइलमध्ये वीस वेळा 'मास्तर, मास्तर' केलं, मध्येच एकदा सवयीने 'मास्तर, ती लालवाली वही झाली का' असंही विचारलं. पुढच्या बुधवारी टोपीवालीने ते कानाला लावून ऐकलं आणि हसू दाबत म्हणाली, "काका, अर्ध्या जगाला मास्तर म्हणतात. आणि हे ऐकून तुमच्या मेंदूला काम आठवेल, माणूस नाही आठवणार." मग तिचं तिलाच काहीतरी लक्षात आलं असावं. ती म्हणाली की जमत नसेल तर राहू द्या, तुमची पहिली नोंदसुद्धा आम्हाला उपयोगाची आहे.

तिने असं समजून घेतलेलं त्याला झोंबलं. तो म्हणाला, "आणतो."

त्याची बायको शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. चौदा वर्षं झाली होती. कागदोपत्री काही झालं नव्हतं, भांडणही झालं नव्हतं, आणि तिच्या मते तेच तर भांडण होतं. मूलबाळ नव्हतं. ती बोलकी. सकाळी डोळा उघडल्यापासून तिला काहीतरी सांगायचं असे, आणि सांगून झालं की दुसऱ्याचं ऐकायचं असे. तो ऐकायचा, मान डोलवायचा, आणि पुढे काही नाही. सुरुवातीला ती त्याला चिडवायची, लाडाने 'मुकेराव' म्हणायची. 'मुकेराव, जेवायला वाढलंय', 'मुकेराव, ऐकताय ना'. हळूहळू त्या हाकेतला लाड आटत गेला आणि फक्त हाक उरली. एक दिवस तिने बॅग भरली आणि म्हणाली, या घरात दोन माणसं राहतात आणि एकटी मीच बोलते, तर मग एकटीनेच राहिलेलं काय वाईट. ती बहिणीकडे गेली. तो 'जाऊ नको' म्हणाला नाही. म्हणायचं होतं. शब्द घशापर्यंत आले होते, पण ती दारात उभी होती तोवर बाहेर पडले नाहीत, आणि ती जिना उतरून गेल्यावर त्यांचा काही उपयोग नव्हता.

ती एका चष्म्याच्या दुकानात काम करायची हे त्याला वहिनीकडून कळलं होतं. शनिवारी दुपारी तो तिथे गेला. काचेतून आधी पाहिलं. ती एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होती, एक डोळा बारीक करून. केस पांढरे झाले होते आणि तिने ते रंगवले नव्हते. गिऱ्हाईक बाहेर पडेपर्यंत तो फुटपाथवर उभा राहिला. आत शिरला तेव्हा तिने सवयीने 'या, बसा' म्हटलं आणि मग वर बघितलं.

ती म्हणाली, "डाव्या कानाकडून फ्रेम वाकडी झालीय." हात पुढे करून तिने त्याचा चष्मा काढून घेतला आणि काडी गरम करायला मागे वळली. तिची पाठ होती म्हणून त्याला बोलणं सोपं गेलं. रुग्णालय, टोपी, रेघा, वरच्या मजल्यावरचे रुग्ण आणि वीस हाका, असं सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. शेवटी म्हणाला की दुसरं कोणी नाही म्हणून आलो.

तिने काडी सरळ केली, फडक्याने काचा पुसल्या. मग विचारलं, "हाका मारल्या म्हणजे मला अजून तुमच्याबद्दल काही वाटतं, असं तर नाही ना समजणार तुम्ही?"

"नाही," तो म्हणाला. "रुग्णांसाठी आहे."

दुकानामागे नजर तपासायची अंधारी खोली होती. तिथे भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता आणि दार लावलं की रस्त्याचा आवाज यायचा नाही. ती तपासणीच्या खुर्चीवर बसली, तो उभा राहिला, मोबाइल मध्ये धरून. ती म्हणाली, "मुकेराव." पुन्हा म्हणाली, "मुकेराव." आवाज कोरडा येत होता, हजेरी घेतल्यासारखा. तिलाच ते जाणवलं. ती थांबली, पाणी प्यायली, पुन्हा सुरू केलं, आणि पुन्हा तसंच झालं. जी हाक इतकी वर्षं तोंडातून निघाली नव्हती ती आता ठरवून काढायची, हे तिला जमेना. सातव्या की आठव्या खेपेला ती म्हणाली, असं समोर बघत उभे राहू नका, तोंड फिरवा. त्याने तोंड फिरवलं आणि अंधारात त्याचा पाय स्टुलाला अडखळला. स्टूल पडलं, वरची भिंगांची पेटी उलटली आणि भिंगं फरशीवर घरंगळली.

"मुकेराव!" ती ओरडली.

ही हाक बरोबर होती. दोघांनाही ते कळलं. मोबाइल तिच्या हातात देऊन तो खाली बसून भिंगं गोळा करू लागला, आणि ती तशीच, रागात, मग वैतागात, मग हसू येत असताना, मग दमून, एकामागून एक हाका मारत गेली. वीस झाल्या तेव्हा तिने मोबाइल त्याच्या हातात ठेवला. बाहेर गिऱ्हाईक आलं होतं. जाताना ती एवढंच म्हणाली, "काय झालं ते कळवा."

बुधवारी पुन्हा टोपी, पुन्हा जेल, पुन्हा फुली. कानातल्या आवाजांत बहुतेक हाका परक्या बायकांच्या होत्या, दुसऱ्याच कोणा माणसांच्या नावाच्या. त्यांत एक अनोळखी बाई 'मुकेराव' म्हणायची, आणि मध्येच, कधी ते सांगता येणार नाही अशी, बायको म्हणायची. त्याला फक्त ऐकायचं होतं. हलायचं नाही, ओ द्यायची नाही, पापणी शक्यतो मिटायची नाही. पहिल्या दोन वेळा तो सावरून बसला. तिसऱ्यांदा भिंगं पडतानाची ती हाक आली आणि फुली अंधुक झाली. डोळे पुसायची सोय नव्हती.

दहा मिनिटांनी टोपीवालीने नोंद थांबवली. आत येऊन तिने कापूस दिला. त्याने माफी मागितली. ती म्हणाली की माफी कशाला, डोळ्यांत पाणी आलं की रेघा डोळ्यांच्याच होऊन बसतात, खालचं मेंदूचं काही दिसत नाही, बाकी त्यात वाईट काही नाही. "रडा, काका. फक्त मी मशीन बंद केल्यावर," ती म्हणाली आणि मग खरोखरच मशीन बंद करून बाहेर गेली. दार तिने हळूच ओढून घेतलं. टोपी आणि चौसष्ट वायरी डोक्यावर घेऊन तो त्या बंद खोलीत बसून राहिला. रडायला मोकळीक मिळाली होती तर आता पाणी येईना. खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना आवाज खाणारा जाड करडा कापूस लावलेला होता, आणि आपलाच श्वास त्याला इतका मोठा ऐकू येत होता की दुसरं कोणी खोलीत आहे असा भास व्हावा. दुसरं कोणी नव्हतं. आपल्या घरीही असंच असतं, फक्त तिथे ऐकू येत नाही, असं त्याला वाटलं.

पुढच्या आठवड्यात नोंद पुन्हा केली आणि तीही अर्धीच जमली. तिसऱ्या आठवड्यात मात्र तो शांत बसला. हाका येत होत्या, जात होत्या. सवय झाली की काय, असं मनात येऊन त्याला उलट वाईट वाटलं.

पण तसं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी त्याला दोन रेघा एकावर एक काढून दाखवल्या. अनोळखी बाईच्या हाकेची रेघ जवळजवळ सपाट होती. बायकोच्या हाकेची रेघ सुरुवातीला तिच्याच बरोबर चालली होती, आणि सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाला एकदम वर चढली होती. इतका ठसठशीत उंचवटा आतापर्यंतच्या चाळीस जणांत पाच-सहांचाच आला, असं त्या म्हणाल्या. तुम्ही स्वतः काही ठरवायच्या आधीच मेंदूने ओळखलेलं असतं. "घरी चांगल्या गप्पा होत असणार," त्या सहज बोलून गेल्या. त्याने ते दुरुस्त केलं नाही. सही केली, आभार ऐकले. त्याचं काम संपलं होतं.

टोपी काढली की केस जेलने चिकट व्हायचे म्हणून कॉरिडॉरच्या टोकाला एक बेसिन होतं. त्या दिवशी तो डोकं धुऊन पुसत होता तेव्हा शेजारच्या बाकावर एक बाई मोबाइल हातात घेऊन बसलेली दिसली. साठीच्या आसपासची, चपलांचे बंद दोऱ्याने बांधलेले. ती मोबाइल तोंडाशी न्यायची, काही न बोलता खाली ठेवायची. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तिने त्याच्याकडे बघून विचारलं, "भाऊ, हे चालू झालं की लाल होतं की हिरवं?"

त्याने दाखवलं. मग तिने आपणहून सांगितलं. तिचा मुलगा इमारती रंगवायचा. सात महिन्यांपूर्वी परांचीवरून पडला. बत्तीस वर्षांचा आहे, डोळे उघडतो, जांभई देतो, पण बघत कुठेच नाही. डॉक्टरीणबाईंनी त्यालाही टोपी घातली होती आणि तिने मारलेल्या हाका ऐकवल्या होत्या. काही उमटलं नाही. त्या म्हणाल्या की लगेच निराश होऊ नका, दुसरी हाक आणा, एकदा पुन्हा बघू. "आता दुसरी कुठून आणू? छोट्याच म्हणते मी त्याला जन्मापासून," ती म्हणाली.

बाइंडरने विचारलं की आधी मारलेली हाक ऐकू का. तिने मोबाइल दिला. हाक फार मऊ होती. आजारी माणसाच्या उशाशी बसून, त्याला त्रास होऊ नये म्हणून मारावी तशी.

बाइंडर एरवी अनोळखी माणसाला वेळ किती झाली एवढंही विचारायचा नाही. पण कुठली हाक कानाला लागते हे त्याला ठाऊक होतं, आणि त्या अख्ख्या मजल्यावर बहुधा त्यालाच ठाऊक होतं. तो तिच्या शेजारी बसला.

"अशी हाक तुम्ही त्याला पूर्वी मारत होता का?"

तिने विचार केला. नाही म्हणाली. पूर्वी कुठली एवढी फुरसत.

"मग रागावून मारा."

"आता त्याच्यावर कशी रागावू, भाऊ?"

मग त्याने तिला सांगितलं. चष्म्याचं दुकान, अंधारी खोली, कोरड्या हाका, पडलेलं स्टूल. सांगता सांगता मागचंही सांगितलं, बायको का गेली ते. वाक्यं मोडकी होती, मध्ये मध्ये तो अडत होता, पण थांबला नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं ते मुलाबद्दलच. तो जेवणाच्या वेळेला नेहमी दुसऱ्याच्या गच्चीवर पतंगांच्या मागे असायचा आणि ती खालून ओरडायची, ती तसली हाक चालेल का. तो म्हणाला, तीच पाहिजे.

बाई उठून उभी राहिली. पदर खोचला. मान वर केली, जणू कॉरिडॉरच्या छताच्या वर कुठेतरी गच्ची होती, आणि खणखणीत आवाजात ओरडली, "छोट्या!" दोन नर्स दारातून डोकावल्या. व्हीलचेअर ढकलणारा माणूस जागच्या जागी थांबला. बाइंडरने मोबाइल धरला होता आणि दुसऱ्या हाताने तो सगळ्यांना थांबा, थांबा अशी खूण करत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो चारचौघांत कोणासाठी तरी पुढे होऊन उभा राहिला होता.

पंधरा दिवसांनी नोंदवह्या पोचवायला गेला तेव्हा बाई कागदपत्रांच्या खोलीबाहेर त्याची वाटच बघत होती. उंचवटा आला होता. लहानसा होता, उशिरा येत होता, आणि डॉक्टरीणबाईंनी तिला बजावून सांगितलं होतं की याचा अर्थ तो उठून बसेल असा नाही, बोलेल असाही नाही. आवाज कुठेतरी पोचतोय, आज तरी एवढंच म्हणता येतं. "पोचतोय म्हणाल्या," बाईने पुन्हा सांगितलं. तिला तेवढं पुष्कळ होतं.

त्याने दुसऱ्या दिवशी कारखान्यात, सगळे जेवायला गेल्यावर, चष्म्याच्या दुकानात फोन लावला. बायकोने उचलला. काय झालं ते कळवा असं तिने म्हटलं होतं, म्हणून त्याने कळवलं. रेघ, तिसरा हिस्सा, चाळीसांत पाच-सहा. मग ती बाई, तिचा रंगारी मुलगा, कॉरिडॉरमधली हाक. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की मधल्या जागा भरायला ती काही बोलत नाहीये, आणि तरीही आपलं अडत नाहीये. घड्याळात बघितलं तर अकरा मिनिटं झाली होती. लग्नाच्या एकोणीस वर्षांत तो तिच्याशी सलग अकरा मिनिटं बोलला नव्हता.

बोलणं संपलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं बोलता येत होतं तुम्हाला."

तो म्हणाला, कधीतरी येऊ का दुकानात, असंच.

"नका येऊ," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "मी पुष्कळ वाट बघितली होती. आता ऐकायची सवय राहिली नाही मला. सवय मोडायला मलाही फार दिवस लागले हो, ती परत नका लावू." मग तिने विचारलं, जेवलात का. तो हो म्हणाला. जेवला नव्हता. तिने फोन ठेवला.

तो दुपारभर काम करत राहिला. एका वहीची शिवण दोनदा उसवून तिसऱ्यांदा घातली, तेव्हा कुठे ती सरळ बसली. मालकाने विचारलं की मास्तर, तब्येत बरी ना. तो म्हणाला, बरी आहे.

पण बुधवार यायचे थांबत नव्हते. पावतीवर सही घेतल्यावर तो आता वरच्या मजल्यावर जाऊ लागला. बाईला सात महिन्यांत धड अंघोळीला घरी जायला मिळालं नव्हतं. तो दोन तास मुलाजवळ बसायचा, तेवढ्यात ती जाऊन यायची. रंगारी धिप्पाड होता, उशाशी ठेवलेल्या त्याच्या घड्याळाच्या पट्ट्यावर अजून निळा रंग होता. नजर खिडकीच्या जरा बाजूला कुठेतरी लागलेली असायची. पहिल्या बुधवारी बाइंडर नुसता बसला. दुसऱ्या बुधवारी त्याने सांगितलं की आज लई पातळ झाली होती. मग कशी झाली, कोणाची चूक, पातळ लई लावली की पाठ कशी महिन्याभरात सुटते, हे सांगितलं. रंगाऱ्याने जांभई दिली. बाइंडरला ते रास्त वाटलं.

चार महिने असे गेले. मग रुग्णालयाने सांगितलं की इथे आता करण्यासारखं काही नाही, लांब गावी एक काळजी घेणारी संस्था आहे, तिथे जागा झाली आहे. बाईने एका पिशवीत सामान भरलं. गाडीत मुलाला चढवताना बाइंडरने स्ट्रेचरचं पायाकडचं टोक धरलं. बाईने त्याचा नंबर घेतला, चिठ्ठीवर नाही, मोबाइलमध्येच, आणि काय नावाने लिहू म्हणून विचारलं. त्याने आपलं नाव सांगितलं. सांगताना ते त्याला जरा परकं वाटलं, दुसऱ्याचं पाकीट उघडल्यासारखं.

आता बुधवारी दुपारी, सही घेऊन झाली की तो रुग्णालयाच्या मागच्या अंगणातल्या बाकावर बसून तिकडे फोन लावतो. बाई दोन वाक्यं बोलते, जखम भरली, वजन वाढलं, नवा डॉक्टर बरा आहे, आणि मग म्हणते, देते हं. पलीकडे खरखर होते, उशीवर मोबाइल टेकल्याचा आवाज येतो, आणि मग श्वास. बाइंडर बोलायला लागतो. आठवड्यात काय काय शिवलं, कोणता पुठ्ठा चांगला निघाला, मालक कशावरून चिडला. कधी कधी अध्येमध्ये तो थांबतो आणि पलीकडचा श्वास ऐकतो. तो जसा होता तसाच चालू असतो. आपलं बोलणं तिथे कुठे पोचतं की उशीतच मुरतं, हे त्याला कळायचा काही मार्ग नाही. अंगणातून माणसं ये-जा करत असतात. कोणी त्याच्याकडे बघत नाही. आणि तो पुढचं सांगू लागतो.